लग्नात गुरुजींनी बोट दाखवलं तेव्हा अरुंधती कुठं होती?

मागच्या अंकात मी जाता जाता एकच वाक्य टाकलं होतं, की उघड्या डोळ्यांनी जोडतारा, म्हणजे एकमेकांना चिकटून असलेली ताऱ्यांची जोडी, बघायची असेल तर सप्तर्षीतल्या वसिष्ठ-अरुंधतीपासून सुरुवात करा. त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आले की या वेळी मंगळ, उल्का, ग्रहण सगळं बाजूला ठेवलंय. काही प्रश्न लई लांबलचक होते ते थोडे छाटलेत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, माझं लग्न मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात झालं, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा. सप्तपदी उरकेपर्यंत दीड वाजला, मग गुरुजी आम्हाला हॉलच्या मागच्या पार्किंगमध्ये घेऊन गेले आणि वर बोट करून म्हणाले, ती बघा अरुंधती, दिसली म्हणा. ऊन असं की डोळे उघडेनात, पण दोघं एका सुरात दिसली म्हणालो. नवरा अजून चिडवतो की संसारातलं पहिलं खोटं आपण जोडीनं बोललो. खरंच ती तिथं होती का? (नवी नवरी, राजारामपुरी)

उत्तर : खरं सांगू? नव्हती. आणि उन्हामुळं दिसली नाही असं पण नाही, ती आभाळातच नव्हती. मी मुद्दाम हिशोब करून बघितला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापुरात वसिष्ठ आणि अरुंधती उगवतात दुपारी तीनच्या सुमाराला, ईशान्येकडून. म्हणजे दीड वाजता तुम्ही वर बघत होता तेव्हा ती जोडी उत्तरेच्या क्षितिजाच्या खाली होती, बोट दाखवायचंच तर पार्किंगच्या फरशीकडं दाखवायला हवं होतं. गुरुजींना दोष देऊ नका, त्यांना पुढचं लग्न गाठायचं असतं.

गंमत म्हणजे हेच लग्न डिसेंबरच्या मध्यात दुपारी केलं असतं तर अरुंधती वायव्येला चांगली वर असती, फक्त सूर्यामुळं दिसली नसती. आणि डिसेंबरात गोरज मुहूर्त धरला तर चारलाच मावळून गेलेली, परत उगवणार मध्यरात्रीनंतर. सगळं जुळून येतं ते मे महिन्यातल्या गोरज मुहूर्ताला. सूर्य बुडाला, अंधार पडला की साडेसात-पावणेआठला ती ईशान्येला चाळीस अंशांवर आलेली असते, म्हणजे हात लांब करून मूठ धरली तर चार मुठी वर. जुन्या गृह्यसूत्रांत हा विधी तारे दिसायला लागल्यावरचाच आहे, ध्रुव, अरुंधती, सप्तर्षी बघायचे असं. दुपारचे मुहूर्त आणि हॉलचं भाडं यात तो पार्किंगमध्ये आला.

आता ती ओळखायची कशी. सप्तर्षी म्हणजे चार ताऱ्यांचा चौकोन आणि तीन ताऱ्यांची शेपटी. शेपटीच्या टोकाचा मरीची, मधला वसिष्ठ, चौकोनाजवळचा अंगिरा. मधल्या वसिष्ठाला चिकटून एक बारीक ठिपका दिसतो ती अरुंधती, त्याच्यापेक्षा पाच-सहा पट मंद. संस्कृतात यावरून एक न्यायच आहे, अरुंधतीदर्शनन्याय. बारीक तारा एकदम दाखवला तर दिसत नाही म्हणून आधी शेजारचा ठळक तारा दाखवायचा, नजर तिथं टेकली की मग म्हणायचं, आता त्याच्या बाजूला बघ. आभाळ बघायला शिकवण्याची याच्याइतकी चांगली पद्धत मला अजून सापडली नाही, मुलांना गच्चीवर घेऊन जाते तेव्हा हीच वापरते.

तरी माझी पण फजिती झालेली आहे. मामेबहिणीच्या लग्नात, गोरज मुहूर्त होता, सगळ्यांनी मलाच पुढं केलं की ही तारेवाली दाखवेल. लॉनवर हॅलोजन एवढे की आभाळ राखाडी, मी घाईत मरीचीकडं बोट केलं आणि वऱ्हाडातल्या एका सातवीतल्या पोरानं सगळ्यांसमोर सांगितलं, ताई वसिष्ठ त्याच्या आधीचा. अजून घरात कुणी चुकीचं काही दाखवलं की मरीची दाखवला म्हणतात.

तुम्ही दोघं एप्रिल-मेमध्ये कधीही रात्री नऊ-दहाला गच्चीवर जा, उत्तरेकडं तोंड करा. या वेळी दिसली म्हणाल ते खरं असेल.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर लग्नसराईत एक मेसेज फिरतो की जगातल्या बाकी सगळ्या जोडताऱ्यांत एक तारा स्थिर असतो आणि दुसरा त्याच्याभोवती फिरतो, फक्त वसिष्ठ-अरुंधतीच असे की दोघं एकमेकांभोवती फिरतात, म्हणून पूर्वजांनी पतीपत्नीला हीच जोडी दाखवली. मी पुढं पाठवला तर नातवानं हे चूक आहे म्हणून रिप्लाय टाकला. कोण बरोबर? (निवृत्त गृहस्थ, शिवाजी पेठ)

उत्तर : काका, नातू बरोबर. पण त्याला नुसतं चूक म्हणून सोडू नका, का चूक ते विचारा, नाहीतर मी सांगते.

फुगडी आठवा. दोन सारख्या वजनाच्या पोरी हात धरून गिरक्या घेतात तेव्हा कोण कुणाभोवती फिरते? दोघी फिरतात, मधल्या एका बिंदूभोवती. आता आई आणि पाच वर्षांची लेक फुगडी घालतायत, लेक मोठा गोल मारते, आई जागच्या जागी लहान गोल, पण आई स्थिर नसते, तिचे पण पाय सरकतातच. जोडतारे हेच करतात, एकूण एक. दोघांच्या वजनाचा जो तोल साधणारा बिंदू त्याच्याभोवती दोघं, आणि जो जड तो बिंदूच्या जवळ. एक ठाम उभा आणि दुसरा प्रदक्षिणा घालतोय असा जोडतारा गुरुत्वाकर्षणाच्या नियमात बसतच नाही. म्हणजे त्या मेसेजमध्ये वसिष्ठ-अरुंधतीला जे खास म्हणून चिकटवलंय ते सगळ्यांनाच लागू आहे.

आणि खरं खास काय आहे ते मेसेजवाल्यांनी सोडूनच दिलं, याचं मला जास्त वाईट वाटतं. वसिष्ठ एक तारा नाहीच. गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली यानं १६१७ च्या सुमाराला आपल्या गुरूला सांगितलं की हा तारा दुर्बिणीतून बघा, आणि बघितलं तर एकाचे दोन. मग १८८९ मध्ये अमेरिकेत हार्वर्डला पिकरिंग या खगोलशास्त्रज्ञानं आणि त्यांच्याकडं काम करणाऱ्या अँटोनिया मॉरी यांनी त्यातल्या ठळक ताऱ्याच्या प्रकाशाचे वर्णपट, म्हणजे प्रकाश फोडून मिळणारे रंगांचे पट्टे, तपासले. वर्णपटात काळ्या रेषा असतात, त्या काही दिवस एकेरी दिसायच्या आणि काही दिवस दुहेरी. एसटी आपल्याकडं येताना हॉर्न चढा ऐकू येतो आणि पुढं गेली की उतरतो, तसंच प्रकाशाचं होतं. दोन तारे फिरतायत, एक आपल्याकडं येतोय आणि एक लांब जातोय, तेव्हा रेषा फाटतात, आडवे गेले की परत एक होतात. दुर्बिणीला जे दोन दिसत नाहीत ते वर्णपटानं दोन करून दाखवले, असा सापडलेला हा पहिला जोडतारा. ते दोघं साडेवीस दिवसांत एक फेरी मारतात. नंतर वसिष्ठाचा दुसरा तुकडा पण जोडी निघाला. आणि २००९ मध्ये अरुंधतीच्या अगदी जवळ एक लहान लाल तारा सापडला.

मोजा काका. वसिष्ठाचे चार, अरुंधतीचे दोन, सहा जणांचं एकत्र कुटुंब, आपल्यापासून साधारण ८० प्रकाशवर्षं लांब. वसिष्ठाकडचे आणि अरुंधतीकडचे आभाळातून एकाच दिशेनं एकाच वेगानं चाललेत, आणि त्यांची एकमेकांभोवतीची एक फेरी म्हणजे लाखो वर्षांचं काम. ग्रुपवर हे टाका. लाइक कमी येतील.

प्रश्न : माझी आजी ७८ वर्षांची आहे. लहानपणी तिच्या आईनं सांगितलेलं की ज्याला अरुंधती दिसत नाही तो सहा महिन्यांत जातो. मागच्या महिन्यात मी तिला हौसेनं गच्चीवर नेलं, तुमचं वाचूनच, तर तिला वसिष्ठ दिसला पण अरुंधती दिसली नाही. तेव्हापासून ती गप्प आहे, परवा पाटल्या कुणाला द्यायच्या ते सांगत होती. आम्ही काय करू? (कॉलेजची विद्यार्थिनी, कागल)

उत्तर : आधी आजींना माझा नमस्कार सांग आणि पाटल्या कपाटात ठेवायला सांग.

ही समजूत आजींच्या आईनं मनानं काढलेली नाही, फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत आयुष्य संपत आलेल्या माणसाची लक्षणं दिलीत त्यात अरुंधती न दिसणं आहे. पण त्याच ठिकाणी ध्रुव आणि आकाशगंगा न दिसणं पण आहे. आता मला सांग, कोल्हापुरात ताराराणी चौकात उभं राहून कुणाला आकाशगंगा दिसते? त्या हिशोबानं सगळं शहरच सहा महिन्यांचं पाहुणं. त्या काळी रात्र काळीकुट्ट असायची, चांगल्या डोळ्याला हे सगळं सहज दिसायचं, म्हणून न दिसणं म्हणजे शरीरात काहीतरी बिघडलंय असं वैद्यानं धरलं असेल, हा माझा अंदाज. पथदिवे आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांच्या हिशोबात नव्हतं.

शास्त्र असं की वसिष्ठ आणि अरुंधतीतलं अंतर १२ कला आहे (एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक म्हणजे कला), चंद्राच्या रुंदीच्या अर्ध्याहून कमी. ऐकायला बारीक वाटतं पण धडधाकट डोळ्याला एक-दोन कलांवरचे दोन ठिपके वेगळे करता येतात, म्हणजे अंतर ही अडचणच नाही. अडचण आहे मंदपणाची. ताऱ्याचं तेज प्रतीत मोजतात, आकडा वाढला की तारा मंद. अरुंधती चौथ्या प्रतीची, शहरातल्या उजेडात चौथी प्रत कशीबशी तग धरते. त्यात ७८ वर्षांचे डोळे, मोतीबिंदू धरला असेल तर ठळक तारा फुलबाजीसारखा पसरतो आणि शेजारचा बारीक ठिपका त्याच्या पिसाऱ्यात बुडतो. आजींना वसिष्ठ भोवती किरणं फुटल्यासारखा दिसला का ते विचार. तसा दिसला असेल तर डोळ्याच्या डॉक्टरकडं घेऊन जा, आणि नसेल दिसला तरी या वयात वर्षातून एकदा तपासलेलं बरं.

मग चांदणं नसलेल्या रात्री गावाबाहेर शेतात, वीस मिनिटं मोबाइल न बघता बसा आणि परत बघा. चष्मा घालून! आमच्या शेजारच्या आजोबांनी अख्खा उन्हाळा दिसत नाही दिसत नाही केलं आणि चष्मा वाचायचा लावून बसायचे.

प्रश्न : ताई आमचं गुऱ्हाळ हाय करवीर तालुक्यात. डिसेंबरात पहाटेपर्यंत चुलवाणाला जाळ घालायची पाळी असती तेव्हा वर बघत बसतो, वडील कृत्तिका बघून किती रात्र सरली ते सांगायचे, त्यामुळं नाद लागलाय. गेल्या सीझनला एके रात्री एकच्या दरम्यान ययाती तारकासमूहातला एक तारा एकदम मंद वाटला, दुसऱ्या रात्री बघतो तर परत झ्याक. चुलवाणाच्या जाळानं डोळं दिपल्यात म्हणून सोडून दिलं. तर हा भास व्हता का? (गुळव्याचा पोरगा)

उत्तर : भास नव्हता भावा, तू मायावती पकडलीस! इंग्रजीत तिला अल्गोल म्हणतात, अरबी नावाचा अर्थच राक्षसाचं डोकं. या महिन्यातला सगळ्यात भारी प्रश्न तुझा, कारण बाकीच्यांनी जोडताऱ्याबद्दल वाचलं आणि विचारलं, तू तो फिरताना बघितलास.

मायावती म्हणजे दोन तारे. एक तेजस्वी, दुसरा आकारानं थोरला पण मंद. दोघं एकमेकांभोवती २ दिवस २० तास ४९ मिनिटांत फिरतात आणि त्यांची फेरी आपल्याला कडेवरून दिसते, त्यामुळं दर फेरीला मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या आडवा येतो. ग्रहणच ते. तेज उतरत उतरत तिसऱ्या हिश्श्यावर येतं, परत चढतं, सगळा प्रकार साधारण दहा तासांचा. हे पहिल्यांदा नीट मोजलं कुणी, तर इंग्लंडातल्या यॉर्कच्या जॉन गुडरिक नावाच्या पोरानं, १७८३ मध्ये, वय १८. त्याला ऐकू येत नव्हतं. कसलीतरी गडद वस्तू ताऱ्याच्या आडवी जात असेल असं त्यानं तेव्हाच सुचवलं होतं, आणि त्याचा पुरावा मिळायला १८८९ उजाडलं, वर्णपटाच्याच वाटेनं, वसिष्ठाचं गुपित फुटलं त्याच वर्षी. गुडरिक २१ व्या वर्षी गेला.

आता तुला एक हिशोब देते. तीन दिवसांना ३ तास ११ मिनिटं कमी असा हा फेरा आहे. म्हणजे एका रात्री एक वाजता ती सगळ्यात मंद झाली असेल तर तिसऱ्या दिवशी रात्री दहाच्या आत-बाहेर परत मंद, त्याच्या पुढं तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेसातच्या आसपास. मग काही दिवस ग्रहणं दिवसा होतात आणि सापडत नाहीत. येत्या सीझनला असं कर, एरवी मायावती शेजारच्या देवयानी तारकासमूहाच्या रांगेतल्या ययातीकडच्या शेवटच्या ताऱ्याएवढी असते, दोघांची तुलना रोज एकदा करायची आणि काहिलीशेजारी वही ठेवून वेळ टिपायची. बघायच्या आधी जाळाकडं पाठ करून पंधरा-वीस मिनिटं बस, दिपलेल्या डोळ्यांचं तुझं म्हणणं अगदीच खोटं नाही.

आणखी एक गंमत यातली. जड तारा आधी म्हातारा होतो हा नियम. इथं मात्र हलका तारा म्हातारा आणि जड तारा तरुण, खगोलशास्त्रज्ञ बरीच वर्षं डोकं खाजवत बसले होते. उलगडा असा की आता जो हलका तोच मूळचा जड, फुगला तेव्हा त्याचा माल शेजाऱ्यानं ओढून घेतला. थोरल्याचा सातबारा धाकट्याच्या नावावर झाला, एवढंच.

प्रश्न : आम्ही पन्हाळ्याजवळ राहतो. दक्षिणेला मे महिन्यात क्षितिजाच्या थोडं वर दोन ठळक तारे शेजारी शेजारी दिसतात, ते जोडतारे का? (शिक्षक)

उत्तर : सर, ते मित्र आणि मित्रक, नरतुरंग तारकासमूहातले. आणि दिसतात जोडीसारखे पण त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, डावीकडचा मित्र ४.३७ प्रकाशवर्षांवर आणि उजवीकडचा मित्रक जवळपास ३९० प्रकाशवर्षांवर. पन्हाळ्यावरून जोतिबाचा दिवा आणि त्याच रेषेत लांबच्या गावातला दिवा चिकटून दिसावेत तसं.

पण खरी जोडी मित्राच्या आत आहे, तो एकटाच दोन सूर्यांचा बनलाय. ते दोघं एकमेकांभोवती सुमारे ८० वर्षांत फिरतात, म्हणजे माणूस जन्माला आला आणि त्याचं सहस्रचंद्रदर्शन झालं की तिकडं एक फेरी झाली. तिसरा एक मंद लाल तारा आहे त्यांच्याबरोबर, प्रॉक्सिमा, तो ४.२४ प्रकाशवर्षांवर, सूर्यानंतर आपल्याला सगळ्यात जवळचा, पण उघड्या डोळ्याला दिसत नाही. आणि मित्र दुहेरी आहे हे पहिल्यांदा दिसलं कुठून माहितीय? पुद्दुचेरीतून. १६८९ च्या डिसेंबरात रिशो नावाचा फ्रेंच जेझुइट पाद्री तिथून धूमकेतू बघत होता, दुर्बीण धूमकेतूच्या जवळच असलेल्या मित्र ताऱ्याकडं गेली आणि एकाचे दोन दिसले.

कोल्हापूरकरांनी यात थोडी कॉलर टाइट करायला हरकत नाही. मित्र आपल्याकडं साडेबारा अंश वर येतो, सव्वा मूठ. दिल्लीवाल्यांना तो क्षितिजाला जेमतेम टेकतो. मेच्या शेवटी रात्री साडेदहाला बरोबर दक्षिणेला बघा, वळवाचे ढग नसले तर.

प्रश्न : वसिष्ठाचे दोन तुकडे बघायला टेलिस्कोप घेऊ की बायनॉक्युलर? बजेट कमी आहे. (कसबा बावडा)

उत्तर : आधी बायनॉक्युलर, दहा बाय पन्नासचा, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारा आणि पन्नास मिलिमीटर भिंगाचा. त्यात अरुंधती एकदम सुटी दिसेल, शहरातून सुद्धा, हात टाकीच्या कठड्यावर टेकवून बघा म्हणजे थरथरणार नाही. वसिष्ठाचे दोन तुकडे मात्र त्यात फुटत नाहीत, त्यांच्यात १४ विकलांचंच अंतर आहे (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग), त्याला ६० मिलिमीटरची साधी टेलिस्कोप पन्नासेक पट मोठं करून पुरते. घ्यायचीच असेल तर दुकानात भिंग बघण्याआधी स्टँडला बोटानं टिचकी मारून बघा. माझ्या पहिल्या टेलिस्कोपचा स्टँड असा होता की वसिष्ठाचे दोन काय, सातही दिसायचे.